पाणकणसाचं विरजण

ज्या माणसाशी मी पुढं लग्न केलं, त्याच्या पहिल्याच भेटीत मी त्याचे कोट्यवधी जीव मारले. तेही सरकारी पावडरीनं.

शहाऐंशी सालचा नोव्हेंबर होता. फुलटाकळीच्या उपकेंद्रावर नर्स म्हणून रुजू होऊन मला जेमतेम चार दिवस झाले होते. नवी पांढरी साडी, नवी पेटी, आणि उत्साह तर असा की गावातल्या माश्यांनीही मला बघून वाट बदलावी. ट्रेनिंगमध्ये एक गोष्ट आमच्या डोक्यात पक्की बसवली होती. घाण पाणी दिसलं की टीसीएल टाका. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. विहिरीत टाकतात ती.

आणि मला घाण पाणी दिसलं.

वरच्या गावाचं सगळं सांडपाणी, मोऱ्यांचं आणि गोठ्यांचं, एका नाल्यातून खाली आमच्या बौद्ध वस्तीकडं उतरायचं. वस्तीच्या अलीकडं त्या नाल्याच्या तोंडाशी कोणीतरी तीसेक पावलं लांब चर खोदून ठेवला होता. चरात खडी-वाळू भरलेली. तिच्यातून माणसापेक्षा उंच पाती उभी, टोकाला तपकिरी कणसं, कडेनं लालभडक कर्दळ. खडीच्या फटींतून काळसर पाणी चमकत होतं. मी मनात म्हटलं, वा! डासांचा कारखानाच! दोन बादल्या पावडर कालवली आणि एका टोकापासून ओतत निघाले.

दुसरी बादली संपत आली तेव्हा मागून आवाज आला.

"अहो... अहो बाई! काय करायलाव?"

एक उंचेला पोरगा बांधावरून पळत येत होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, एका पायात चप्पल, दुसरी वाटेत कुठंतरी राहिलेली. हातात एक छोटी बाटली होती आणि ती त्यानं नुकत्याच जन्मलेल्या लेकरासारखी धरली होती.

"दिसत न्हाई का?" मी म्हटलं. "पाणी शुद्ध करायले."

त्यानं बादलीकडं बघितलं. मग चराकडं. मग बांधावर टाकलेल्या आपल्या गच्च भरलेल्या पिशवीशेजारी तो मटकन खालीच बसला.

"सिस्टर," तो हळू आवाजात म्हणाला, "तुमी आत्ता किती जणांचा मुडदा पाडला, माहीत हाय का?"

"मी? मी मुंगीबी मारत न्हाई."

"मुंगी न्हाई... कोटी. मोजायचं म्हटलं तर जन्म सरंल."

"कशाचे कोटी?"

"जंतू."

मला हायसं वाटलं. "मग चांगलंच झालं की! त्याच्यासाठीच तर सरकार पगार देतं मला."

त्यानं मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता ओरडणार. पण तो हसला... ज्याच्याकडं आता गमवायला काही उरलेलं नाही, असा माणूस हसतो ना, तसा. ते हसू माझ्या आत कुठंतरी जाऊन बसलं. तेव्हा मी ते कबूल केलं नसतं, पण बसलं.

"नाव काय तुमचं?" मी जरा नरमून विचारलं.

"सूर्यभान पुंडगे. मूळ बोरीचा. परभणीच्या कृषी विद्यापीठातून आलोय."

"सूर्यभान!" माझ्या तोंडाला कधीच कुलूप नव्हतं. "नाव सूर्याचं आन काम चिखलात?"

"आन तुमचं?"

"सत्यशीला."

"अहो बाई," तो म्हणाला आणि गालातल्या गालात हसला, "मग सत्यशीलाबाई, पंचशीलातलं पहिलंच शील मोडलं की तुमी. प्राणिहत्या करू नये म्हणून रोज वंदनेत म्हणत असाल ना?"

हा आपल्यातलाच दिसतो, हे मला त्या वेळी कळलं. आणि आपली चूक नेमकी काय झाली, हे मात्र अजून कळलं नव्हतं.

त्यानं हातातली बाटली माझ्यापुढं धरली. तळाशी कागदाची एक पट्टी आणि वर फिकट पिवळं पाणी. "ह्याच्यात पाणी भरायचं आन एक रात्र उबेला ठेवायचं. पाण्यात शौचाची घाण असली की काळं पडतं. चार महिने ह्या चरातून निघणारं पाणी रोज काळं पडायलं होतं. आज सकाळी... पहिल्यांदा पडलं न्हाई." तो थांबला. "तेच दाखवायला पळत आलतो. कोणाला तरी."

आणि ते कोणीतरी मी निघाले होते, हातात बादली घेऊन.

त्यानं बाटली खिशात घातली. पिशवी उचलली आणि परत आपल्या खोलीकडं गेला. वाटेत चप्पल सापडली ती घातली. त्याला ओरडायला काय झालं होतं, असं मला दिवसभर वाटत राहिलं. ओरडला असता तर मी पण भांडले असते आणि विसरून गेले असते.

*

त्या दिवशी जेवताना मी कडूमावशीला झाला प्रकार हसत हसत सांगितला. कडूबाई म्हणजे माझी घरमालकीण. वस्तीत तिच्या दोन खोल्या, त्यातली एक माझी. ती हसली नाही. भाकरीचा तुकडा हातात तसाच राहिला.

"कोणत्या चरात टाकली म्हणलीस?"

"त्या पुंडग्यांच्या."

"पोरी..." ती म्हणाली, आणि मग तिनं सगळं सांगितलं.

वस्तीची विहीर चराच्या खाली शंभर पावलांवर होती. वरच्या गावाचं सांडपाणी जमिनीत मुरत मुरत त्याच विहिरीला पाझरायचं. पावसाळ्यात हगवण लागून वस्तीतली सहा लेकरं परभणीच्या दवाखान्यात न्यावी लागली होती. तेव्हा आरोग्य खात्याचे पर्यवेक्षक दिनकरराव येऊन सांगून गेले होते की होळीपर्यंत पाणी सुधारलं नाही तर विहिरीवर फरशी टाकून ती बंद करायची.

"बंद केली तर वरच्या विहिरीवर जायचं," मी म्हटलं. "त्यात काय?"

कडूमावशीनं माझ्याकडं असं बघितलं की मी घास गिळायचा विसरले.

"वरच्या विहिरीवर आमाला पोहरा सोडू देत न्हाईत, बाई. खाली उभं ऱ्हायचं. कोणाला दया आली तर वरून घागरीत वतणार. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराचं पेटलं, तवा तर तेबी बंद केलं. दोन महिने नाल्यात झिरे खांदून पाणी पिलो आमी. मग सगळ्या वस्तीनं मिळून ही विहीर खांदली. पहिला पाझर लागला तवा माझे मालक खाली चिखलात नाचले, म्हातारपणी! आता ते न्हाईत. विहीर हाय." तिनं ताट बाजूला सारलं. "त्या पोरानं सांगितलं होतं, मावशी, चर चालू झाला की इहीर वाचंल. चालू झालता म्हणायलीस ना तू?"

मला जेवण गेलं नाही. मला विहिरीचा पत्ता माहीत होता, तिच्यात किती पावडर टाकायची ते माहीत होतं, पण ती कोणी आणि कशासाठी खोदली हे मी चार दिवसांत एकदाही विचारलं नव्हतं.

सकाळी उजाडल्या उजाडल्या मी त्याच्या दारात उभी राहिले. तो चहा करत होता.

"सांगा, काय करू? काहीबी सांगा. पाया पडू का?"

"पाया नका पडू," तो म्हणाला. "टोपलं हाय का तुमच्याकडं?"

"टोपलं?"

"विरजण आणायचं हाय."

*

ताडकळसच्या वाटेवर एक जुनं तळं आहे. त्याच्या काठाला पाणकणसाचं रान माजलेलं असतं. चरातली ती उंच पाती म्हणजे हेच पाणकणीस. पुढच्या रविवारी आम्ही दोघं तिथं गेलो. कडूमावशी सोबत म्हणून आली होती, पण काठावरच्या बाभळीखाली बसून तिनं जी तंबाखू मळायला घेतली ती संध्याकाळपर्यंत तिची मळून झाली नाही. तिचे उपकार मी अजून फेडलेले नाहीत.

सूर्यभान गुडघाभर चिखलात उतरून कंद उपटून द्यायचा आणि मी काठावर ते टोपल्यात रचायचे. मुळांना काळाकुट्ट, बुळबुळीत चिखल लागलेला. मी चांगल्या घरची पोरगी... मेथीची जुडी धुवावी तशी एक एक जुडी तळ्याच्या पाण्यात खळबळून, स्वच्छ पांढरी मुळं करून टोपल्यात ठेवत होते. अर्धं टोपलं भरलं तेव्हा त्यानं वळून बघितलं.

"सिस्टर!!"

मी दचकून जुडी सोडली.

"तुमाला हे धुवायचं याड कवापासून हाय?" तो कमरेवर हात ठेवून चिखलात उभा होता आणि रागावावं का हसावं हे त्याचं ठरत नव्हतं. "तो बुळबुळीत चिखलच तर न्यायला आलोत आपण! तेच विरजण हाय!"

"मग आधी सांगायचं ना!"

"दुधाला विरजण लावताना तुमी दही धुऊन लावता का?"

मी हसायला लागले ते थांबेचना. तोही हसला. बाभळीखालून कडूमावशी खोकली, पण उगीच खोकली.

मग काठावर बसून त्यानं एक दांडा मधोमध चिरून दाखवला. आत सगळं पोकळ, बारीक बारीक खणांचं. "बगा, वरची हवा ह्याच्यातून खाली मुळापर्यंत जाते. चिखलात हवा न्हाई, पण मुळाच्या भोवती थोडी हाय. तिथं आपले जंतू घर करतात. पाण्यातली घाण खातात, फोडतात, बारीक करतात. रोगाच्या जंतूंना खायला काही ठेवत न्हाईत, कितीकांना तर खाऊनच टाकतात. आन घाणीतलं फोडून जे निघतं, ते मुळाला खत म्हणून मिळतं."

"म्हंजे झाड त्यांला श्वास देतं..." मी म्हटलं.

"आन ते झाडाला घास."

"मग पाणी कोण साफ करतं? झाड का जंतू?"

"एकटं कोणीच न्हाई. नुसती झाडं लावली तर पाणी हिरवं दिसतं, साफ होत न्हाई. नुसते जंतू सोडले तर गुदमरून जातात. दोघं मिळून—"

"म्हंजे संसारच झाला की त्यांचा!"

बोलून गेले. त्यानं हातातला दांडा उलटा केला, सुलटा केला. मी टोपल्यातली एक जुडी नीट होती ती पुन्हा नीट केली.

"व्हय," तो दांड्याकडंच बघत म्हणाला. "तसंच काहीतरी."

*

डिसेंबर आला. न धुतलेली मुळं चरात लावून झाली, टोपल्या टोपल्यांनी चिखल पसरून झाला. आता रोज संध्याकाळी चराच्या खालच्या तोंडातून बाटलीत पाणी भरायचं आणि सकाळी बघायचं. पण थंडी कडाक्याची, आणि बाटलीला ऊब लागते. त्याच्या खोलीला वरून पत्रा, चहुबाजूंनी वारा.

"बाटली माझ्याकडं ठेवू का?" मी म्हटलं. "मावशीची चूल असते."

दुसऱ्या दिवशी तो बाटलीबरोबर आपला स्वेटर घेऊन आला. मोरपंखी रंगाचा, एका बाहीला ठिगळ. "ह्याच्यात गुंडाळा. चुलीपाशी लय गरम होईल, गोधडीत लय थंड. लोकरीत बरोबर ऱ्हातं."

"आन तुमी काय घालणार?"

"मला थंडी वाजत न्हाई."

हे सांगताना त्याचे दात वाजत होते.

मी त्याच्यासाठी कडूमावशीची घोंगडी पाठवून दिली. स्वेटर माझ्याकडंच राहिला. सकाळी बाटली काढायची आणि स्वेटरची घडी घालायची, एवढ्या कामाला मला रोज जरा जास्तच वेळ लागायचा. बाटली मात्र काळी. रोज काळी. काजळासारखी. मी ती घेऊन चरावर जायचे आणि तो लांबूनच माझ्या चालण्यावरून ओळखायचा.

"काळी?"

"काळी."

"चालायचंच. विरजण लागायला थंडीत वेळ लागतो."

एकदाही तो 'तुमच्यामुळं' म्हणाला नाही. एकदाही. मी वाट बघायचे की म्हणेल. त्याच्या त्या न म्हणण्यानंच मी त्याच्यात अडकत गेले, असं आता वाटतं. आमच्या घरी माणसं चुका मोजून दाखवणारी. चूक झाली की तिच्यासकट माणसाला सांभाळून घेतात, हे मी त्या चराच्या काठावर पहिल्यांदा बघितलं.

कधीकधी बांधावरून सरपंच आबासाहेब जायचे. चराची जागा त्यांच्याच शेताची कड होती. विद्यापीठानं मागितली म्हणून त्यांनी दिली होती. माणूस वाईट नव्हता. थांबायचे, "काय म्हणतंय गवत?" म्हणून विचारायचे. कडूमावशी 'बसा, चहा घ्या, पाणी तरी घ्या' म्हणायची. ते हसून पुढं जायचे. आमच्या वस्तीत आले की आबासाहेबांना कधीच तहान लागत नसे.

जानेवारीच्या शेवटाला बाटली तपकिरी झाली. मग चहाच्या रंगाची. एका सकाळी मी स्वेटर उलगडला आणि बघतच राहिले. फिकट पिवळी होती! अनवाणीच पळत सुटले.

"पिव—" धाप लागून शब्द फुटेना. "पिवळी... हळदीसारखी..."

त्यानं बाटली घेतली नाही. बाटली धरलेला माझा हातच धरला आणि उन्हाकडं वळवला. बाटली बघून झाली तरी हात सोडायचं त्याच्या लक्षात आलं नाही. माझ्याही आलं नाही.

*

फेब्रुवारीत तो दोन दिवसांसाठी परभणीला गेला, आणि नेमके तेव्हाच दिनकरराव आले. शेजारच्या गावात गॅस्ट्रोची साथ सुरू झाली होती. सोबत पावडरीची दोन पोती.

"विहिरी, नाला, तो गवताचा चर, सगळीकडं मारायचं," त्यांनी हुकूम सोडला. "सिस्टर, बादली घ्या."

दिनकरराव कडक, पण कामाचा माणूस. माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. ती कायम करायची शिफारस त्यांच्याच हातात होती.

"सर, विहिरीत मी माझ्या हातानं टाकते," मी म्हटलं. "सगळ्या विहिरींत टाकते. वरच्या नाल्यात न्हाई, अन् चरात न्हाई. नाल्याचं पाणी चरातच येतं."

"कामून?"

"चरातले जंतू मरतील."

ते माझ्याकडं बघतच राहिले. "तुमी आरोग्य खात्याच्या हाव ना?"

"हाव. म्हणूनच." बोलता बोलता माझे पाय आपोआप चरात उतरले. पांढरी साडी, खाली काळा चिखल. "म्या एकदा मारलेत ते, सर. अडीच महिने लागले परत जमवायला. आता तुमी टाकली तर होळीला विहिरीवर फरशी पडंल आन ह्या बायका वरच्या विहिरीखाली घागर घेऊन उभ्या ऱ्हातील. पाहिजे तर नोकरीवरून काढा मला. पण आधी बाटली बघा."

"कसली बाटली?"

मी सांगितलं. त्यांनी एक कणीस हातात धरून बघितलं. मग म्हणाले, "तीन बाटल्या लावा. माझ्यासमोर भरा. उद्या नऊला येतो. एक जरी काळी निघाली, तर बादली मी घेईन."

तिन्ही बाटल्या स्वेटरात गुंडाळल्या. कडूमावशी म्हणाली, "अंड्यावर कोंबडी बसावी तशी बसलीस की गं." मी खरंच हलले नाही. मला तेव्हा एकच वाटत होतं, सूर्यभान परत येईल तेव्हा त्याला चरात पावडर दिसू नये. दुसऱ्यांदा नको.

नऊला दिनकरराव आले. मी स्वेटर उलगडला. त्यांनी एक एक बाटली उजेडात धरली, खाली वर केली.

तिन्ही फिकट पिवळ्या.

"ह्या पोरीनं मला सव्वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा पोतं परत न्यायला लावलं," ते कडूमावशीला म्हणाले. मग माझ्याकडं वळून, "होळीच्या आधी विहिरीची बाटली लावा. आता टाकलेल्या पावडरीचा जोर तवर सरलेला असंल. ती चांगली निघाली तर फरशीचं मी बघतो." माझ्या कायम नोकरीची शिफारस त्यांनी त्याच महिन्यात केली. मला ते पत्र आल्यावर कळलं.

दुपारच्या एसटीनं सूर्यभान आला. कडूमावशीनं त्याला फाट्यावरच गाठून सगळं सांगितलं असावं, कारण तो आला तो थेट अंगणात गेला. दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या साडीकडं बघत राहिला. धुऊनही तिच्या काठाला गुडघ्यापर्यंत काळी रेघ राहिली होती. दुसऱ्या दिवशी मी पेटी उघडली तर कापसाच्या गुंडाळीवर कर्दळीचं एक लाल फूल ठेवलेलं होतं.

*

होळीच्या दिवशी सकाळी आम्ही विहिरीच्या काठावर बसलो होतो. स्वेटर माझ्या मांडीवर, बाटली त्याच्या आत.

"उघडा की," तो म्हणाला.

"तुमी उघडा. माझ्या हातानं वाईट होतं."

"आपण दोघं मिळून उघडू."

उघडलं. विहिरीचं पाणी होतं... उन्हासारखं पिवळं, स्वच्छ. मला रडू आलं. मागं कडूमावशी उभी होती. ती विहिरीच्या कडेला गेली, खाली वाकून बघितलं आणि पाण्याकडं बघून म्हणाली, "ऐकलंव का? इहीर ऱ्हायली आपली." ती कोणाशी बोलत होती हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं. मग ती डोळे पुसत वस्तीत सांगायला गेली.

आम्ही दोघंच उरलो.

"सत्यशीला," तो पहिल्यांदाच सिस्टर न म्हणता म्हणाला, "मला परत बोलावलंय. पुढच्या आठवड्यात. इथलं काम झालं."

"हं," मी म्हटलं. स्वेटरची घडी घातली. उलगडली. परत घातली. "मग जा."

"जाऊ?"

"बाटली चांगली आली. आता काय काम हाय इथं?"

"एक सांगू?" तो विहिरीत बघत होता. "तुमी पावडर टाकली त्या दिवशी... माझी पिशवी बघितली होती का? बांधावर?"

बघितली होती. गच्च भरलेली.

"मला सांगितलेलं होतं, पहिली बाटली चांगली निघाली की घेऊन परभणीला या, पुढचं दुसरं कोणी बघंल. दुपारची एसटी होती. मी बाटली घेऊन पळत आलतो ते निघायच्या आधी कोणाला तरी दाखवावी म्हणून. तुमी तवा बादली रिकामी केली नसती तर... मी त्याच दिवशी गेलो असतो. तुमचं नावबी मला कळलं नसतं."

मी स्वेटर मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडं वळले.

"चार महिन्यांचं काम वाहून गेलं, आन मी खोलीवर येऊन पिशवी सोडली, तवा काय वाटलं माहीत हाय? बरं वाटलं." तो हसला, त्या पहिल्या दिवसासारखा, पण आता त्याच्याकडं गमवायला काहीतरी होतं आणि ते त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. "मी रोज आभार मानतो त्या पावडरीचे. कोटीच्या कोटी मेले बिचारे, पण..."

"पण काय?"

"मी श्वास देईन. तुमी घास द्याल का?"

"म्हंजे सैपाक मीच करायचा?" मी डोळे पुसत म्हटलं.

"न्हाई न्हाई! उलटं बी चालंल! मला पिठलं येतं!"

"मग चालंल," मी म्हटलं. आणि मनातलं सगळं एकदमच तोंडावर आलं. "मला तुमी लय आवडता. त्या दिवशी तुमी ओरडला न्हाईत, तवापासनंच. मला नीट सांगता येत न्हाई, पण तुमचे उपकार—"

"उपकार कोण कोणावर करायलंय?" तो म्हणाला. "चरात इचारून बघ. झाड का जंतू?"

'बघ' म्हणाला तो. 'बघा' नाही.

*

वैशाखात, बुद्धपौर्णिमेनंतरच्या रविवारी, कडूमावशीच्या अंगणात आमचं लग्न लागलं. बोरीहून त्याची माणसं आली, दिनकरराव आले. आणि दुपारी, कोणाला वाटलं नव्हतं तरी, आबासाहेब आले. खुर्ची दिली, बसले. ऊन मी म्हणत होतं. विहिरीवरून नुकताच भरलेला माठ त्यांच्या समोरच होता. कडूमावशी तांब्या हातात घेऊन उभी राहिली आणि पुढं करू का नको, अशी घुटमळली. पुष्कळ वर्षं विचारून तिला ते हसून पुढं जाणं माहीत होतं.

आबासाहेबांनी रुमालानं मान पुसली. चराकडं बघितलं. पाणकणसं वाऱ्यावर हलत होती.

"आमच्याच मोऱ्यांचं पाणी हाय म्हणा की हे," ते म्हणाले. "तुमी धुऊन घेतलेलं."

"व्हय," कडूमावशी म्हणाली. "आन आमचं तुमच्याहून स्वच्छ हाय. बाटली लावून बघितलंय."

आबासाहेबांनी तिच्याकडं बघितलं आणि हात पुढं केला.

"द्या मग. तहान लागली."

त्यांनी पिण्यानं आमचं पाणी पवित्र झालं, असं मी म्हणत नाही. ते आधीच स्वच्छ होतं, आणि ती विहीर कोणी खोदली, कोणी राखली हे मला माहीत आहे. पण कडूमावशीनं रिकामा तांब्या माठातून भरून पुन्हा पुढं केला, तेव्हा त्यांनी पुन्हा घेतला.

शेजारी बसलेला माझा नवरा माझ्या कानाशी वाकला. "सिस्टर," तो कुजबुजला, "चराकडं जाऊन येऊ का? आपले कोटी पाहुणे जेवायचे ऱ्हायले असतील."

मी त्याचा हात घट्ट धरला. उठले, आणि अक्षता म्हणून वाटलेल्या फुलांतल्या उरलेल्या पाकळ्या ओंजळीत घेतल्या. लग्नाच्या पांढऱ्या साडीत, त्याच्या मागोमाग, त्या काळ्या चिखलाच्या काठापर्यंत गेले आणि ओंजळ सोडली. त्या दिवशी आम्ही ज्यांचे ज्यांचे आभार मानले, त्यात सगळ्यात आधी मान होता त्यांचा, ज्यांना मी न बघताच मारलं होतं आणि जे तरीही परत आले.